आई-वडिलांचा स्मृतिभ्रंश सांभाळणाऱ्या माणसाला खरी मदत कशी करायची? नाशिककरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलंय?

आईचं किंवा वडिलांचं सगळं घरातला एकच जण करतो आणि बाकीचे विचारपूस करतात. हे त्या बाकीच्यांसाठी आहे: भावंडं, नणंदा-दीर, शेजारी, जुन्या मैत्रिणी, ऑफिसातले सहकारी. खाली बहुतेक ठिकाणी 'करणारी' असा शब्द आहे, कारण बऱ्याच घरांत ती मुलगी नाहीतर सून असते. करणारा मुलगा असला तरी सगळं तितकंच लागू.

'विसरतात' एवढंच ना? त्यात इतकं करण्यासारखं काय असतं?

विसरणं ही फक्त सुरुवात. हा मेंदूचा आजार आहे. सगळ्यात जास्त आढळणारं कारण अल्झायमर, त्याखालोखाल मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे विकार. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. मधल्या टप्प्यात कामाचा क्रमच सुटतो. सदरा हातात असतो, पण आधी बाही की आधी डोकं ते सुचत नाही. संडास लागल्याचं कळतं, दार सापडत नाही. गॅस चालू राहतो. संध्याकाळी पाच-सहानंतर अस्वस्थपणा वाढतो, रात्री दोनला उठून 'मला घरी जायचंय' सुरू होतं.

या सगळ्यात कामापेक्षा पहारा जास्त असतो. करणारीला अंघोळीला जायचं तरी आईंजवळ कुणीतरी लागतं. तिची खरी चणचण आहे मोकळ्या तासांची, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याच एका गोष्टीकडे येतात.

'काही लागलं तर सांग' असं आम्ही नेहमी म्हणतो. त्यात काय चुकतं?

भावना चांगली असते, पण काम तिच्याच गळ्यात पडतं. काय लागेल ते तिने ठरवायचं, कुणाला जमेल ते ओळखायचं, मग फोन करून मागायचं. दिवसभर दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला हे आणखी तीन निर्णय नको असतात. शिवाय मागताना संकोच वाटतो, म्हणून ती सांगतच नाही. सहा महिन्यांनी आपण म्हणतो, 'तिने कधी सांगितलंच नाही.'

मग नेमकं काय म्हणायचं?

वार, वेळ आणि काम, तिन्ही आपणच बोलायचं. 'दर गुरुवारी चार ते सात मी आईंजवळ बसते. तू बाहेर जा, झोप, काहीही कर. या गुरुवारपासून येऊ का?' याला उत्तर द्यायला तिला फक्त 'हो' म्हणावं लागतं.

तासापेक्षा कमी वेळाचा उपयोग नाही. कॉलेज रोडवरून नाशिक रोडला जाऊन एक काम करून परत यायचं तर दोन तास सहज जातात, म्हणून तीन तास धरा. एकदाच आठ तास देण्यापेक्षा दर आठवड्याला तीन तास कितीतरी बरे, कारण ठरलेल्या वेळेवर ती स्वतःच्या दाताच्या डॉक्टरची वेळ घेऊ शकते. एखाद्या गुरुवारी जमणार नसेल तर दोन दिवस आधी सांगा आणि बदली वार द्या. ऐन वेळी रद्द झालेली मदत न मिळालेल्या मदतीहून जास्त लागते, कारण त्या तीन तासांवर तिने काहीतरी बेतलेलं असतं.

ती 'नको, मी करते' म्हणाली तर?

बहुतेकदा म्हणतेच. बाहेरच्या माणसापुढे आईंचं ओलं अंथरूण उघडं पडेल ही लाज असते. 'तुला जमणार नाही' हा अनुभवही असतो. पहिल्या दोन खेपा तिच्याबरोबर बसा, तिला घराबाहेर काढायची घाई करू नका. तिसऱ्या वेळी तिला खाली भाजी आणायला पाठवा, चौथ्या वेळी तीन तास. तरीही नको म्हणाली तर आईंना हात न लावता होणारं काम घ्या: दळण, वीजबिल, महिन्याची औषधं, तिच्या मुलाला क्लासला सोडणं. दाराबाहेरची मदत तिला सहज घेता येते आणि तिथूनच पुढे विश्वास बसतो.

तीन तास आईंजवळ बसायचं म्हणजे काय करायचं?

आधी करणारीकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणत्या नावाने हाक मारायची, संडास-लघवीची खूण काय, कोणतं औषध किती वाजता, काय खायला चालतं, कशाची भीती वाटते, चिडल्यावर काय केलं की शांत होतात. हा कागद फ्रिजवर लावून ठेवा. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तो कामी येतो.

जाताना समोरून जा. मागून खांद्यावर हात ठेवला तर दचकतात. दरवेळी नाव सांगा: 'काकू, मी शेजारची सुनंदा.' 'ओळखलंत का मला?' असं विचारू नका. ती परीक्षा आहे आणि त्या नापास होणार हे आपल्याला ठाऊक असतं. एका वेळी एकच वाक्य बोला आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक लोक तीनलाच दुसरा प्रश्न टाकतात आणि आधीचाही निसटतो.

तोच प्रश्न विसाव्यांदा आला तरी उत्तर त्याच सुरात द्या. त्यांच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. 'घरी जायचंय' म्हणाल्या तर 'हे घरच आहे ना' असा वाद घालू नका. त्या घराबद्दल विचारा. ओसरी होती का, पाणी कुठून भरायचे, दिवेलागणीला कोण असायचं. बरेचदा त्या शब्दांमागे तहान, लघवी नाहीतर थंडी असते, म्हणून आधी तेही बघा.

हातांना काम द्या. मटार सोलणं, वाती वळणं, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं, रुमालांच्या घड्या, फुलांचे देठ तोडणं. कित्येक वर्षं केलेलं काम हातांच्या आठवणीत बराच काळ टिकतं. घड्या वाकड्या आल्या तरी त्यांच्यादेखत सरळ करू नका. फक्त सोललेले दाणे किंवा वाती तोंडात जात नाहीत ना, इकडे लक्ष असू द्या.

दर दोन तासांनी संडासकडे न्या, 'जायचंय का?' विचारलं की नाही म्हणतात, म्हणून 'चला, जाऊन येऊ' म्हणा. पाणी मागत नाहीत, तेव्हा अर्धा पेला हातात द्या. संध्याकाळ होण्याआधीच दिवे लावा. सावल्या पडल्या की माणसं दिसल्याचा भास होतो. टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा, त्यातली भांडणं त्यांना घरातलीच वाटतात.

अंघोळ मात्र सवयीच्या माणसाकडेच राहू द्या.

डबा पाठवला तर चालेल ना?

चालेल, आणि उपयोगही होतो. फक्त त्यात तीन चुका नेहमी होतात. सणाला पाच घरांतून पुरणपोळी येते आणि मंगळवारी एकही डबा नसतो. डबा चौघांना पुरेल एवढा येतो आणि उरलेल्याचं काय करायचं हे नवं काम होतं. तिसरी चूक जास्त गंभीर: आईंना गिळायला जमणार नाही असं अन्न पाठवलं जातं.

आजार पुढे गेला की पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं अन्न सगळ्यात त्रास देतं. मिसळ, पातळ आमटीतला भात किंवा फोडींचं सूप घेतलं की रस्सा आधी घशात उतरतो आणि घट्ट तुकडा मागे राहतो. कोरडा चिवडा, फरसाण, चिकट लाडूही टाळा. मऊ खिचडी, घट्ट वरण-भात एकजीव कालवलेला, दुधी-भोपळ्याची मऊ भाजी, दह्यात भिजवलेली दशमी हे चालतं. आणि आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल घरोघरी पेट्या येतात (द्राक्षांच्या), म्हणून मुद्दाम सांगतो: अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. उभी चिरून चार फोडी करा, बिया काढा.

भरवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा. पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवताना खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होत असेल किंवा वरचेवर ताप येऊन छाती भरत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय असा संशय धरून डॉक्टरांना सांगा.

डब्याचाही वार ठरवा, आणि डबा परत मागू नका.

आम्ही भावंडं पुण्या-मुंबईत, एक परदेशात. इतक्या लांबून काय करणार?

बरंच. पैसे, कागदपत्रं, औषधांची ऑनलाइन मागणी, डॉक्टरांच्या वेळा, विम्याची भांडणं, घरी काळजीला माणूस पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणं, हे सगळं फोनवरून होतं. त्यातला एक विभाग पूर्ण आपल्याकडे घ्या. 'औषधांचं मी बघतो' म्हटलं की साठा किती उरलाय हे विचारायचं कामही तुमचंच.

पैशांचं आधी बोला, नंतर कटुता येते. एक महिना सगळा खर्च लिहा: मावशींचा (घरी ठेवलेल्या बाईंचा) पगार, डायपर, औषधं, रिक्षा, जादा साबण-वीज. मग वाटणी ठरवून दर महिन्याच्या एका तारखेला पैसे आपोआप जातील अशी बँकेत सोय करा, म्हणजे तिला मागावं लागणार नाही. तिने नोकरी सोडली असेल किंवा अर्ध्या वेळेवर आली असेल तर तोही घरखर्चाचाच भाग आहे. ती रक्कम मांडणं तिला जड जातं, तुम्ही मांडा.

नाशिकला याल तेव्हा पाहुणे म्हणून येऊ नका. चार दिवस येणार असाल तर पहिला दिवस तिच्याबरोबर राहून शिका आणि पुढचे तीन दिवस तिला घराबाहेर पाठवा. रात्रीसुद्धा तुम्हीच.

एक गोष्ट जपा. 'मला तर आई अगदी ठीक वाटली' हे वाक्य बोलू नका. कुणी नवीन आलं की हे रुग्ण तासभर सगळं बळ एकवटतात, नीट गप्पा मारतात, हसतात. पाहुणा गेला की थकून कोसळतात आणि ती रात्र घरच्यांना काढावी लागते. दोन तासांच्या भेटीवरून केलेलं निदान करणारीला खोटं ठरवतं, आणि भावंडांमधले बरेच अबोले तिथून सुरू होतात.

घरी बाई किंवा मामा ठेवायचे तर आम्ही कशात हातभार लावू?

शोधण्यात, आणि त्याहून जास्त बसवण्यात. ब्युरोशी बोलताना विचारा: बारा तासांची ड्यूटी की चोवीस; सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण; स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आधी केलाय का, की फक्त अंथरुणाला खिळलेले; डायपर, अंघोळ, कपडे कामात धरलेत का. चालत्या-फिरत्या रुग्णाचं काम वेगळं असतं, हे न सांगता पाठवलेला माणूस तीन दिवसांत सोडून जातो. आधारची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करून घ्या, दागिने आणि चेकबुक आधीच दुसरीकडे हलवा. वस्तू स्वतःच ठेवून विसरणं आणि 'हिनेच चोरली' म्हणणं हे आजाराचंच लक्षण आहे. दागिना घरात नसला तर निदान तो आळ तरी टळतो.

पहिले तीन दिवस करणारीने घरात राहून दाखवावं लागतं. तेव्हा स्वयंपाक तुम्ही उचला. मावशींच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस कुटुंबातल्या कुणीतरी कायमचा अंगावर घ्या, नाहीतर नोकर ठेवूनही तिला सुट्टी नसते. चोवीस तासांच्या माणसालाही रात्री झोप लागते, हे विसरू नका.

सिंहस्थाच्या काळात, विशेषतः २०२७ च्या पर्वणीच्या दिवसांत, पंचवटी-रामकुंड आणि आसपासचे रस्ते वाहनांना बंद राहू शकतात. त्या भागात घर असेल तर पंधरा दिवसांची औषधं आणि डायपर आधीच भरा आणि मावशींची मुक्कामाची सोय बघा.

रात्रीचं काय?

करणारीला सगळ्यात लवकर मोडते ती झोपमोड. आठवड्यातली एक रात्र कुणीतरी घ्या आणि तिला दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरात झोपवा. आईंचा आवाज कानावर पडला की ती उठतेच.

डॉक्टरांकडे नेताना सोबत गेलं तर उपयोग होतो का?

फार. गाडी लावणं आणि आईंना सांभाळणं ही एकाच माणसाची कामं नाहीत. एकाने आईंजवळ बसायचं, दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलायचं. शक्य तर सकाळची वेळ घ्या. आत जाण्याआधी एका कागदावर लिहा: गेल्या महिन्यात नवीन काय झालं, किती वेळा पडल्या, झोप किती तास, वजन, आणि चालू असलेली सगळी औषधं, अगदी दुकानातून आणलेली आणि आयुर्वेदिकसुद्धा. आईंसमोर त्यांच्या तक्रारी वाचू नका, कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, माणूस सुस्त झाला किंवा एकदम आक्रमक झाला, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. असा अचानक बदल बहुधा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, छातीचा संसर्ग किंवा नवं औषध यामुळे होतो आणि त्यावर उपाय असतो. त्याच दिवशी दाखवा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, म्हणजे फेनिरामिन किंवा क्लोरफेनिरामिन असलेल्या, गोंधळ वाढवतात. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारखी (भास, आक्रमकपणा शमवायला देतात ती) औषधं जिवावर बेतू शकतात, म्हणून आजाराचा प्रकार त्या फ्रिजवरच्या कागदावर ठळक लिहा.

आम्ही शेजारी आहोत. वडील घराबाहेर पडताना दिसले तर?

अडवू नका, सोबत चालू लागा. 'कुठे निघालात अण्णा? मीही तिकडेच' म्हणत थोडं चालून वळवून आणा. तोवर घरी फोन करा. सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड यांच्याकडे फोटो आणि करणारीचा नंबर असलाच पाहिजे. हे फिरून देण्याचं काम शेजाऱ्यांनी एका संध्याकाळी उरकावं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर शिवून घ्या.

हरवलेच तर आधी घर, गच्ची, जिना, पार्किंग, बंद बाथरूम बघा, पण दहा मिनिटांहून जास्त नाही. मग ११२ वर फोन. 'चोवीस तास थांबा' असा कोणताही नियम नाही. अंगावर काय कपडे होते ते सांगा. आणि शोध जुन्या सवयीच्या दिशेने घ्या: नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले शिफ्टच्या वेळेला प्रेसच्या गेटकडे निघतात, भद्रकालीतल्या वाड्यात वाढलेली बाई पन्नास वर्षांनी त्याच बोळात सापडते. रंगपंचमीला आणि मिरवणुकीच्या दिवशी ढोलांनी बिथरतात. त्या दिवशी एक जादा माणूस घरी असू द्या.

पडले तर काखेत हात घालून ओढून उचलू नका. आधी दुखतंय का बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, १०८ ला फोन करा.

कागदपत्रांत कोणती गोष्ट सगळ्यांची चुकते?

मुखत्यारपत्र. 'आईकडून करून घेतलंय' म्हणून घरचे निर्धास्त असतात. आपल्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी ते चालत नाही. त्यानंतर घर विकायचं किंवा मोठी रक्कम हलवायची तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून निदान लवकर झालं असेल, समज शाबूत असेल, तेव्हाच खाती 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीने संयुक्त करणं, सगळीकडे नॉमिनीचं नाव लावणं आणि मृत्युपत्र करणं उरकून घ्या. मृत्युपत्राच्या वेळी समज नीट असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ही धावपळ एखाद्या भावाने किंवा जावयाने पूर्ण अंगावर घ्यावी.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत ओढत नेऊ नका; पोस्टमन घरी येऊन करून देतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्यावरून होतं, पण त्यात पापणी मिटायला सांगतात आणि ते त्यांना समजत नाही. सकाळी, ताजेतवाने असताना करा, समोर बसून स्वतः पापणी मिटून दाखवा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान योजनेतल्या वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. घरी ठेवलेल्या मावशींचा खर्च त्यात येत नाही, हे आधीच माहीत असावं.

काय बोलू नये?

'तू नशीबवान, सेवा घडतेय.' 'आमच्या ओळखीत अमक्याच्या औषधाने बऱ्या झाल्या.' 'थोडा धीर धर.' 'अगं, त्या मुद्दाम करतात.' हे चारही. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, तेव्हा नवा वैद्य सुचवला की तिच्यावर आणखी एक फेरी आणि आणखी एक निराशा लादली जाते. त्यापेक्षा 'आज रात्री किती वेळा उठलीस?' एवढं विचारा आणि ऐका.

ऑफिसमध्ये आमच्याबरोबर अशी एक सहकारी आहे.

सकाळी दहाची मीटिंग अकराला न्या. मावशी उशिरा आली की तिचा सगळा दिवस मागे पडतो. फोन उचलायला बाहेर गेली तर भुवया उंचावू नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट असेल तर सहकाऱ्यांनी आपसात ठरवून तिला एकच शिफ्ट मिळेल असं सुपरवायझरशी बोला. दर आठवड्याला शिफ्ट बदलली की घरची बसवलेली सगळी घडी बदलावी लागते.

ती खचतेय हे कशावरून ओळखायचं?

स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात. वजन उतरतं. पूर्वी फोन करायची, आता मेसेजलाही उत्तर नाही. लहान गोष्टीला रडते किंवा काहीच वाटेनासं झालंय म्हणते. 'माझा हात उठला' किंवा 'उठेल अशी भीती वाटते' असं बोलली तर हादरू नका, उपदेशही नको. ते सांगायला धैर्य लागतं. त्याच दिवशी तिथे जा, तिला घराबाहेर काढा, आईंजवळ दुसरा माणूस बसवा, आणि दोन दिवसांत कायमची सोय बदला. टेली मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर तिला एकटं सोडू नका, फोन तुम्हीच लावून द्या.

आईंना देखभाल केंद्रात ठेवायचं ठरलं तर?

पाठीशी उभे राहा, आणि नातेवाइकांची कुजबुज तिच्यापर्यंत पोचण्याआधी तुम्हीच उत्तर द्या. केंद्र बघायला तिच्याबरोबर दोघं जा, एकदा न कळवता संध्याकाळी सहाला जा. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा, बांधून ठेवतात का ते विचारा, वास कसा येतो ते बघा. ठेवल्यानंतर तिचं काम संपत नाही. भेटीला जाण्याचे वार वाटून घ्या.

आई किंवा वडील गेल्यानंतर मदत थांबवायची का?

तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवसापासून तिच्या हातांना काम नसतं, तरी ती रात्री दोनला जागी होते. भाड्याचा पलंग आणि एअर बेड परत करणं, पेन्शनच्या बँकेला कळवणं, उरलेल्या डायपरचं पाकीट दुसऱ्या घरी पोचवणं हे तुम्ही करा. त्या वस्तू डोळ्यांसमोर राहतात आणि तिला हलवता येत नाहीत. तुमचा गुरुवार चार ते सात ठरलेला असेल तर पुढच्या गुरुवारीही चारला जा.